काचेतला देह

बडोद्याच्या सयाजीबागेतील वस्तुसंग्रहालयाची इमारत १८९४ मध्ये पूर्ण झाली. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी ते प्रजेच्या शिक्षणासाठी उभारले. हेतू थोर होता. तेथे निळ्या देवमाशाचा सुमारे ७० फुटी सांगाडा आहे, १९५१ मध्ये अकोटा येथे सापडलेल्या जैन धातुमूर्ती आहेत आणि इजिप्तमधील एक ममीही आहे. नोंदवहीच्या दृष्टीने तिन्ही वस्तूच. आयुष्य सरकारी दप्तरात गेल्याने नोंदवहीचे महत्त्व मी जाणतो. तरीही ममीपाशी पाऊल अडखळते.

देवमाशाने आपल्या अस्थींविषयी काही इच्छा धरली नव्हती. मूर्तीची पूजा खंडित झाली, तरी ती मुळात दर्शनासाठीच घडविलेली. ममी हा मात्र मनुष्यदेह. मरणोत्तर जीवनासाठी तो अखंड राहावा, या श्रद्धेने तो लेपून, वस्त्रांत गुंडाळून दृष्टीआड ठेवलेला असतो. आपण बहुतेक दहन करणारे; त्या श्रद्धेचे आपल्याला केवळ नवल वाटते. ज्ञान मिळते, हे खरे. पण आपल्या पणजीचा देह कोणी परमुलखात काचेखाली मांडला, तर ज्ञानाची ही सबब आपण मान्य करू काय?

ममी हलवावी, असे मी म्हणत नाही. मात्र अशा देहास स्वतंत्र, शांत दालन असावे. आणि फलकावर काळ नि लांबीच्या आधी ‘हे एका माणसाचे शव आहे’ एवढे लिहावे.