वाटसरूचं मागणं

पांडुरंगा, पाऊस आला म्हणून थांबलोय, नाहीतर इतक्यात तुझी आठवण काढली नसती. चढावर मी तुझं नाव घेतो आणि उतारावर विसरतो, हे तुला नवीन नाही.

फ्रान्सच्या बर्गंडीतलं व्होल्ने गाव मागे टाकलं आणि मर्सो अजून यायचंय. मधल्या बांधावर हे दगडी खोपटं सापडलं. इथले लोक त्याला काबोत म्हणतात. चुना नाही, सिमेंट नाही. बाग खणताना जे दगड लागले तेच एकावर एक रचलेत, आणि वरचा प्रत्येक थर बोटभर आत सरकवत नेऊन छत मिटवून टाकलंय. दार इतकं बुटकं की वाकल्याशिवाय आत येता येत नाही. देवळाची दारंही तू अशीच ठेवतोस. आत बसायला एक सपाट दगड आहे, कोपऱ्यात जुन्या राखेचा काळा डाग आहे. कुठल्या गड्याने हे बांधलं त्याचं नाव कुठेही नाही. त्याला आधी माझा नमस्कार पोचव, मग माझं पुढचं ऐक.

या रस्त्यासाठी तुझे उपकार मानतो. रस्ता म्हणजे काय, एक ट्रॅक्टर जाईल एवढी वाट, कुठे काँक्रीटची, कुठे डांबराची. बोनपासून सांतनेपर्यंत जेमतेम 22 किलोमीटर. पलीकडे सखल भागात मोठा हमरस्ता ट्रकांनी भरून वाहतोय, आणि इकडे माझ्या सायकलच्या चेनची कुरकुर मला ऐकू येते. दोन्ही बाजूंना वेली, जेमतेम कमरेएवढ्या ठेवलेल्या. आमच्या निफाडकडच्या मांडवांची सवय असलेल्या डोळ्यांना त्या आधी खुरटलेल्याच वाटल्या. ऑक्टोबर लागलाय, तोडणी उरकलीय, पानं पिवळी पडायला लागलीत. घरी याच दिवसांत गोडी छाटणीची धांदल असते. काल फोनवर वडिलांनी, आबांनी, पहिलं हेच विचारलं, "तिकडं पाऊस कसा आहे?"

पण देवा, एक कबुली द्यायची आहे. सकाळी पोमारच्या पुढे मी एका ट्रॅक्टरच्या मागे घंटी वाजवली. तो इथला उंच ट्रॅक्टर, वेलींची अख्खी ओळ दोन पायांमध्ये घेऊन चालणारा. त्या माणसाने तो बाजूला घेतला, मला वाट दिली, वर हातही केला. मी ऐटीत पुढे निघून आलो. अर्ध्या किलोमीटरवर डोक्यात उजेड पडला: ही वाट बागेत जायला केलेली आहे, सायकलीचं चिन्ह तिच्यावर मागाहून आलं. तो कामावर होता आणि मी सुट्टीवर. इथली शांतता मी घरून घेऊन आलो नव्हतो, त्याच्या शिवारात ती मला फुकट मिळाली होती. त्या घंटीची क्षमा कर. पुढचा ट्रॅक्टर भेटला की माझा पाय आपोआप जमिनीवर टेकू दे.

आणखी एक आहे. तोडणीनंतर शेंड्याला चार-दोन बारके घोस राहून जातात. मघाशी चालत्या सायकलीवरून माझा हात तिकडे गेला. द्राक्ष बागायतदाराचा मुलगा ना मी! बागेला लागून रस्ता असला की काय होतं, ते मला लहानपणापासून माहीत आहे. एक मणी तोंडात टाकला. बारीक, जाड सालीचा, आंबट आणि बियांनी भरलेला. थॉम्सन द्राक्षं खाऊन वाढलेल्या जिभेला तू बरी अद्दल घडवलीस.

रस्त्यावरच्या या चोरट्या हातांतूनही तू एकदा भलं करून घेतलंस, म्हणून धीर करून सांगतोय. इथून पश्चिमेला, समुद्राच्या अंगाला मेदोक नावाचा भाग आहे. तिथले बागवाले वाटसरूंनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या ओळींवर मोरचूद आणि चुना शिंपडायचे. पानं निळसर, विषारी दिसली की हात मागे. 1882 मध्ये मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने पाहिलं की डाउनी या बुरशीच्या रोगाने आतली बाग झडलीय आणि रस्त्याकडेच्या ओळी मात्र हिरव्यागार उभ्या आहेत. ते शिंपण म्हणजेच बोर्डो मिश्रण. आबा प्लॅस्टिकच्या पिंपात काठीने ढवळायचे तेच. बोर्डो हे एका गावाचं नाव आहे, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. तोवर मला ते औषधाचंच नाव वाटायचं, बाराखडीइतकं आपलं.

विठ्ठला, रागावू नकोस, पण तुला एक विचारायचं आहे. एप्रिल 2021 मध्ये तू इथे तीन-चार रात्री जे थंडीचं केलंस, ते कशासाठी? मार्चच्या उबेने फसून डोळे लवकर फुटलेले, आणि वरून कडाक्याचं हिव. रात्रभर माणसं ओळींमधून मेणाचे डबे पेटवत फिरत होती. टेकडीभर दिव्यांचे ते फोटो जगाने पाहिले आणि 'काय सुंदर' म्हटलं. आमच्या घरात कुणी सुंदर म्हटलं नाही. निफाडचा पारा उतरतो तेव्हा मणी तडकू नयेत म्हणून आम्हीही पहाटे बागेत शेकोट्या करतो. धुराने डोळे चुरचुरत असतात आणि आबा थर्मामीटरवर बॅटरी मारून आकडा वाचतात. त्या फोटोतल्या उजेडात उभा असलेला माणूस काय मोजत होता, ते आम्हाला न सांगता कळलं. उत्तर देऊ नकोस हवं तर. पण प्रश्न विचारलाय, याची नोंद असू दे.

तू घेतोस तसं जोडतोसही, हेही कबूल करतो. दीडशे वर्षांपूर्वी फायलोक्झेरा नावाच्या किडीने या वेलींची मुळं खाऊन टाकली. तेव्हा अमेरिकेतून खुंट आणून त्यांच्यावर इथल्या काड्यांची कलमं बांधली, म्हणून आजची बाग उभी आहे. आमच्याकडे डॉगरिज खुंटावर थॉम्सन बांधतात, तो डॉगरिजही अमेरिकेचाच. वर अभिमान ज्याच्या त्याच्या मातीचा, खाली मूळ पाहुण्याचं. मातीचं म्हणशील तर उतारावरची माती पावसाने वाहून खाली यायची आणि इथले लोक ती पाठीवरच्या टोपल्यांतून पुन्हा वर नेऊन टाकायचे, पिढ्यानपिढ्या. आता या टेकड्यांतल्या बागांच्या तुकड्यांना युनेस्कोच्या यादीत स्थान आहे, 2015 पासून. टोपल्यांना मात्र कुठे काही नाही.

काल बोनमध्ये ते जुनं इस्पितळ पाहिलं. 1443 मध्ये बर्गंडीच्या दरबारातल्या निकोला रोलँ नावाच्या चान्सलरने आणि त्याच्या बायकोने ते गरिबांसाठी काढलं. लांबलचक दालन, दोन्ही भिंतींना लाल पडद्यांचे पलंग, आणि टोकाला वेदी, म्हणजे अंथरुणावरून देव दिसावा. लोकांनी मरताना आपल्या बागा या इस्पितळाला लिहून दिल्या. त्या बागांची वाइन 1859 पासून नोव्हेंबरात लिलावात निघते आणि पैसा आजही रुग्णसेवेला जातो. आबा माळकरी. आयुष्य द्राक्षांत गेलं, पण दारूचा थेंब ओठाला लावला नाही. त्यांना फोनवर हे सांगितल्यावर ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मग त्या बाटलीला नाव ठेवू नये." मी काल रात्री एक पेला घेतला, तेही तुला माहीत आहे. आज घेणार नाही. इथे सायकलवाल्यालाही नशेचा कायदा लागू आहे, आणि उतार तीव्र आहेत.

पाऊस ओसरतोय. मागायचं ते पटकन मागून घेतो.

दुपारी बारा ते दोन गावंच्या गावं दारं लावून जेवायला बसतात, तेव्हा माझ्या बाटलीत पाणी असू दे. नसेल तर गावची दफनभूमी दाखव. तिथे फुलांना पाणी घालायला नळ असतो, आणि इथले सायकलवाले तिथेच बाटल्या भरतात. मेलेल्या माणसांच्या दारात पाणी पिताना टोपी काढायची बुद्धी दे. परवा जीव्रीहून क्लूनीला जायचंय, जुन्या रेल्वेच्या रुळांच्या जागी 1997 साली केलेल्या वाटेने. क्लूनीच्या पुढे दीड किलोमीटरहून लांब बोगदा आहे. हिवाळ्यात तो वटवाघळांच्या झोपेसाठी बंद ठेवतात. त्यांना झोप लागायच्या आत मला पलीकडे काढ, आणि आत असताना मला ओरडून प्रतिध्वनी ऐकायचा मोह होऊ देऊ नकोस.

सकाळच्या त्या ट्रॅक्टरवाल्याच्या बागेला येत्या एप्रिलमध्ये हिवापासून सांभाळ. आमच्याकडे छाटणी झालीय, पोंगे फुटतील. त्या दहा-पंधरा दिवसांत अवकाळी पाठवू नकोस. आणि पौषात पारा उतरलाच, तर पहाटे तीनला आबांबरोबर शेकोटी लावायला मला घरी पोचलेलं असू दे.