सोंग आणि स्वातंत्र्य

स्वातंत्र्याविषयीं बोलतांना आपण बहुधा दारांची संख्या मोजतों. ज्याच्यापुढें दोन दारें उघडीं तो थोडा स्वतंत्र, ज्याच्यापुढें वीस उघडीं तो फार स्वतंत्र, असा आपला सामान्य हिशोब असतो. हा हिशोब कितपत बरोबर आहे हें पाहण्यास गेल्या पन्नास वर्षांत एक विलक्षण प्रयोगशाळा उघडली आहे; आणि ती आपल्या घरोघरीं येऊन बसली असतांहि विचारी वर्गाचें लक्ष तिजकडे जावें तसें गेलेलें नाहीं. संगणकावर खेळल्या जाणाऱ्या भूमिकेच्या खेळांविषयीं आम्ही बोलत आहों. या खेळांत खेळणारा योद्ध्याचें, जादूगाराचें किंवा एखाद्या भटक्याचें सोंग घेतो, व त्या सोंगाच्या नांवानें एका कल्पित जगांत वावरतो. पोरखेळ म्हणून आपण हा प्रकार झटकून टाकतों. परंतु मनुष्यास वाटेल तें करूं दिलें तर तो काय करील, हा नीतिशास्त्राचा फार जुना प्रश्न त्यांत पुन्हां उभा राहिला आहे.

या खेळांचा उगम यंत्रांत नाहीं. १९७४ सालीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध झाला, तेव्हां त्यास कागद, पेन्सिल, फांसे आणि चार मित्र एवढेंच साहित्य लागे. त्यांपैकीं एक जण सूत्रधार होई. इतरांनीं वाटेल तें करावयास मागावें, व त्याचा परिणाम काय झाला तें सूत्रधारानें सांगावें, अशी ती रीत होती. दारें असंख्य होतीं, कारण तीं एक जिवंत मनुष्य आयत्या वेळीं उघडीत होता. पुढें सूत्रधाराच्या जागीं यंत्र आलें, आणि यंत्रास आधीं लिहून ठेवलेलेंच उत्तर देतां येतें. १९८६ सालच्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’ या जपानी खेळांतील राजकन्या नायकास विनंती करते. नायक ‘नाहीं’ म्हणाला तर ती तीच विनंती पुन्हां करते, आणि तो ‘होय’ म्हणेपर्यंत करीतच राहते. तेथें विचारणें ही केवळ सभ्यता होती.

परंतु त्यापूर्वींच, १९८५ सालीं, रिचर्ड गॅरियट यांनीं ‘अल्टिमा’ या मालेच्या चौथ्या खेळांत एक निराळीच गोष्ट करून पाहिली होती. या खेळाच्या शेवटीं मारावयाचा कोणी दुष्ट सम्राट नाहीं. सत्य, दया, शौर्य, न्याय, त्याग, प्रतिष्ठा, अध्यात्म व नम्रता हे आठ गुण अंगीं बाणवून ‘अवतार’ व्हावयाचें, हें त्याचें ध्येय. शब्द आपलाच आहे, पण दिशा उलटी आहे: आपल्याकडे अवतार म्हणजे वरून खालीं उतरणें, तेथें तो खालून वर चढण्याचा मार्ग झाला. या खेळांत औषधी विकणारी एक आंधळी स्त्री आहे. ती किंमत सांगते, आणि पैसे मोजून ठेवण्याचें काम गिऱ्हाइकावरच सोपविते. कमी ठेवले तरी तिला दिसत नाहीं. खेळ मात्र गुपचूप नोंद करितो, आणि ती नोंद आंकड्यांनीं दाखवीत नाहीं. आपली प्रगति कळावी म्हणून राजवाड्यांतील द्रष्ट्यास जाऊन विचारावें लागतें. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’ या ग्रंथांत अदृश्य करणाऱ्या अंगठीची कथा आहे. कोणी पाहत नसतां मनुष्य न्यायानें वागेल काय, हा त्या कथेंतील प्रश्न येथें चार नाण्यांच्या व्यवहारांत उतरला आहे.

पुढील खेळांत दारें वाढलीं, पण हा नाजुकपणा पुष्कळ वेळां हरवला. २००३ सालच्या ‘नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक’ या खेळांत नायकाची पुण्याई व पाप एका पट्टीवर सरळ दिसूं लागलें, आणि ज्या बाजूस कांटा झुकेल त्या बाजूच्या शक्ति स्वस्त मिळूं लागल्या. मग खेळणारा भिकाऱ्यास दान देतो तें भिकाऱ्याकडे पाहून कीं कांट्याकडे पाहून? ज्याला आपल्या पुण्याचा आंकडा सतत दिसतो, त्याचें पुण्य व्यापार होण्यास वेळ लागत नाहीं.

स्वातंत्र्याची ही चाल सरळ चढणीची आहे असेंहि नाहीं. १९९७ सालच्या ‘फॉलआउट’मध्यें शेवटच्या शत्रूस शस्त्राशिवाय, केवळ युक्तिवादानें जिंकतां येत असे: ज्या नव्या मानववंशासाठीं तो जगाचा संहार मांडीत होता, त्या वंशास संतति होऊंच शकत नाहीं, हें त्यास पुराव्यानिशीं पटवून द्यावें लागे. त्याच मालेंतील २०१५ सालच्या चौथ्या खेळांत नायकास खरा कंठ मिळाला आणि संभाषण चार पर्यायांत बसविलें गेलें. अनेक खेळणाऱ्यांस तें रुचलें नाहीं. प्रत्येक वाक्य नटाकडून वदवून घ्यावयाचें म्हटलें कीं खर्च वाढतो, आणि नायकाला आवाज मिळाला कीं त्याचे शब्द मोजके होऊं लागतात. २०२३ सालच्या ‘बाल्डर्स गेट’च्या तिसऱ्या खेळानें कंठ नटांस व कथनकारास दिला, नायकास बव्हंशीं मुका ठेविला, आणि पर्यायांची संख्या पुन्हां विपुल केली.

याहून बोधप्रद असा दुसरा फरक आहे. २००२ सालच्या ‘मॉरोविंड’मध्यें मुख्य कथेस आवश्यक असलेल्या व्यक्तीसहि मारतां येई. तसें केल्यास खेळ सांगे कीं भविष्याचा धागा तुटला. आतां मागें जा, नाहीं तर या बिघडलेल्या जगांतच राहा. चार वर्षांनीं आलेल्या ‘ऑब्लिव्हियन’मध्यें अशा व्यक्ति मरतच नाहींत, मूर्च्छा येऊन पडतात आणि थोड्या वेळानें उठतात. सोय झाली हें खरें. पण ज्या जगांत तलवारीचा घाव आपोआप रद्द होतो, त्या जगांत तलवार न उपसण्यालाहि अर्थ उरत नाहीं. क्षमा करण्याची योग्यता त्यालाच, ज्याचा घाव खरोखर लागला असता.

येथें कोणी विचारील कीं, ज्याला आपलें पात्रहि निवडतां येत नाहीं तो कसला स्वतंत्र? २०१५ सालच्या ‘विचर’च्या तिसऱ्या खेळांत नायक ठरलेला आहे, आंद्रेय सापकोव्स्की या पोलिश लेखकाच्या कथांतून तो आपला स्वभाव व आपला भूतकाळ घेऊनच येतो. पण त्याचे निर्णय जड असतात, व त्यांचीं फळें कित्येक वेळां पुष्कळ उशिरां, अनपेक्षित ठिकाणीं हातीं पडतात. आम्हांस हें मानवी स्थितीच्या अधिक जवळचें वाटतें. आपल्यापैकीं कोणीं आपलें कुल, काळ किंवा मूळ स्वभाव निवडला आहे?

मात्र या सर्व खेळांवर एक मोठा आक्षेप राहतो. कृत्य आवडलें नाहीं तर जुनी नोंद उघडावी आणि पुन्हां सुरुवात करावी; पश्चात्तापाची गरजच काय? या आक्षेपास २०१५ सालीं टोबी फॉक्स यांच्या ‘अंडरटेल’ या लहानशा खेळानें मार्मिक उत्तर दिलें. त्यांत आरंभींच्या एका मायाळू पात्रास मारून, मागें जाऊन, दुसऱ्या खेपेस त्याला जिवंत सोडलें, तर एक पात्र खेळणाऱ्यास बजावतें कीं तूं पूर्वीं काय केलेंस तें मला ठाऊक आहे. नोंद पुसली तरी कर्ता तोच राहतो.

तात्पर्य, दारें किती हा प्रश्न दुय्यम आहे. दारांतून जो गेला त्यास त्याचें उत्तर द्यावें लागतें कीं नाहीं, हा मुख्य होय. मुलें या खेळांत क्रूर होतील या भीतीनें खेळ बंद करणाऱ्या पालकांस आम्ही एवढेंच सुचवूं कीं, खेळांतील मरण खोटें असलें तरी वारंवार केलेल्या निवडीची संवय खरी असते. म्हणून ‘जिंकलास काय’ एवढेंच न विचारतां, ‘त्या आंधळ्या बाईपुढें किती पैसे ठेवलेस, आणि कां’ हेंहि विचारावें. सर्व सोंगें आणतां येतात, पैशाचें आणतां येत नाहीं, असें आपले लोक म्हणत आले. या खेळांत पैशाचेंहि सोंग आणलें गेलें. निवडीचें सोंग मात्र अद्याप कोणास आणतां आलेलें नाहीं. ती करणारा पडद्याच्या अलीकडेच बसलेला असतो.