अभिमान नेमका कशाचा?

‘अपंगत्वाचा कसला अभिमान?’ असं विचारणाऱ्यांचा हेतू बहुधा वाईट नसतो. लहानपणी पोलिओनं माझा पाय अधू केला. कॅलिपर काचतो, पावसाळ्यात ओल्या फरशीची धास्ती वाटते. यातल्या कशाचाच मला अभिमान नाही. पोलिओची लस निघाली याचा आनंदच आहे.

लोकांना पदकाचा अभिमान चटकन कळतो. १९६५च्या युद्धात गोळ्या लागलेले सांगली जिल्ह्यातले जवान मुरलीकांत पेटकर यांनी १९७२च्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक जिंकलं. हे कर्तृत्व मोठंच. पण मान पदकापुरताच उरला, तर आधी अपंगत्वावर मात करा, मगच ताठ मानेनं जगा, अशी अट बाकीच्यांवर येऊन पडते. ती मला मान्य नाही.

मला जवळचं वाटतं ते १९७७चं सॅन फ्रान्सिस्को. सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थांनी अपंगांशी भेदभाव करू नये, असं कलम अमेरिकेत १९७३मध्येच झालं होतं. ते अमलात आणणाऱ्या नियमांवर सही मात्र होत नव्हती. तेव्हा शंभराहून अधिक माणसं एका सरकारी इमारतीत ठाण मांडून बसली. फोन तोडले गेले, तर कर्णबधिर आंदोलकांनी खिडक्यांतून खुणांच्या भाषेत बाहेर निरोप पोचवले. एप्रिल संपायच्या आत सही झाली. जिथे बोलणाऱ्यांचा इलाज चालेना, तिथे न ऐकणाऱ्यांची भाषा कामी आली.

अपंग म्हणून जगताना अशी जाण अंगी येते. मदत कशी मागावी, ती घेऊनही मिंधं कसं होऊ नये, हे मी धडधाकट मैत्रिणींच्या फार आधी शिकले. म्हातारपणी ते सगळ्यांनाच शिकावं लागतं.

न कमावलेल्या गोष्टीचा अभिमान कशाला, असाही आक्षेप येतो. कुळाचा, जातीचा अभिमान दुसऱ्याला खाली बसवतो, म्हणून तो वाईट. ज्याची लाज बाळगायला शिकवलं, त्याविषयी मोकळेपणानं बोलल्यानं कुणाची पायरी उतरत नाही.

आपल्या २०१६च्या कायद्यानं अपंगत्वाचे २१ प्रकार मानले, सार्वजनिक इमारती सुगम करणं बंधनकारक केलं. पण लाजणारा माणूस हक्क मागत नाही, उपकाराची वाट पाहतो. कार्यक्रमाचं बोलावणं आलं, की मी आयोजकांना फोन करून रॅम्प आहे का विचारते. नसेल तर करा म्हणते. ‘तुम्हाला उगीच त्रास’ हे शब्द मात्र मी त्या फोनमधून काढून टाकले आहेत.