हाताकडे बघ

शुक्रवार पेठ, पुणे

चि. मनीस,


काल रात्री ताईचा फोन आला होता. तू कंट्रोलर भिंतीवर आपटलास, भिंतीचा टवका उडाला आणि ते यंत्र मी आणून दिलं असल्यामुळे दोष माझा, असा एकंदर निकाल लागला आहे. टवक्याचं मी बघतो, पुट्टी आहे घरात. पण तू मला लिहिलंस, 'मामा, माझे रिफ्लेक्सच स्लो आहेत, अनइन्स्टॉल करतेय.' त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठा दाखवून भागण्यासारखं नव्हतं, म्हणून हे पत्र.

आधी रिफ्लेक्सचं खूळ काढून टाक. तुझा हा मारामारीचा व्हिडिओ गेम, टेकन, सेकंदाला साठ फ्रेम्सनी पळतो. त्यातला सगळ्यात झटपट ठोसा, तो साधा जॅब, दहाव्या फ्रेमला लागतो. म्हणजे सेकंदाच्या सहाव्या हिश्श्यात. डोळ्याला दिसून बोट हलेपर्यंत धडधाकट माणसाला सेकंदाचा पाचवा-चौथा हिस्सा लागतोच. तेव्हा जॅब बघून अडवणारा माणूस अजून जन्मायचा आहे. चांगला खेळाडू आधीच हात वर धरून बसलेला असतो, कारण त्या घडीला समोरून काय येऊ शकतं ते त्याला पाठ असतं. आपण दिवाळीत लक्ष्मी रोड ओलांडतो तो काय रिफ्लेक्सवर? कुठली रिक्षा कुठे वळणार हे रिक्षावाल्याच्या आधी आपल्याला कळलेलं असतं.

आणि वयाचं म्हणशील तर २०२३ मध्ये हांगझोउच्या आशियाई स्पर्धेत स्ट्रीट फायटर या असल्याच खेळाचं सुवर्ण ज्याने नेलं, तो कोरियाचा किम ग्वान-वू ४४ वर्षांचा होता. तू सतराची. बसून बसून पाठ दुखते ती माझी, तुझी नाही.

मीही खूप मार खाल्लाय. टेकन ३ नवा होता तेव्हा टिळक रोडच्या मागच्या एका गल्लीत तासावर प्लेस्टेशन मिळायचं. तिथे शाळेच्या गणवेशातलं एक पोरगं एडी नावाचं पात्र घ्यायचं आणि लाथांची दोन बटणं डोळे मिटून बडवायचं. मी कॉलेजात, मिशा फुटलेला, आणि ओळीने अकरा डाव हरलो. बाराव्यात जिंकलो असं सांगितलं असतं तर गोष्ट छान झाली असती, पण तोही हरलो. फक्त त्या वेळी एक दिसलं. तो जमिनीलगत पाय फिरवतो तेव्हा खाली बसून अडवलं की क्षणभर उघडा पडतो. मी अडवलं, एक ठोसा मारला आणि मग यथास्थित मार खाल्ला. घरी मात्र शीळ घालत आलो.

आजोबा मला लहानपणी चिंचेच्या तालमीत कुस्ती बघायला न्यायचे. तिथे एक शब्द सारखा कानावर पडायचा, 'तोड'. ढाकेला तोड आहे, एकेरी पटाला तोड आहे. नव्या पोराला थोरले पैलवान रोज आपटायचे, पण 'हरलास' असं कुणी म्हणत नसे. वस्ताद एवढंच विचारायचे, 'कशाने पडलास?' पोरगं 'माहीत नाही' म्हणालं की तोच डाव त्याच्यावर पुन्हा. 'पटाने' म्हणालं की मग तोड शिकवायची. तुझं घोडं नेमकं इथे अडलंय. तू रोज वीस डाव हरतेस आणि एकदाही कशाने पडलीस ते सांगू शकत नाहीस.

खाशाबा जाधवांचंही बघ. अंगात ताकद होती, ढाक तर हुकमी. पण १९४८ ला लंडनला गेले तेव्हा पायाखालची माती जाऊन मॅट आली होती आणि नियमही निराळे. सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला त्याच मॅटवर कांस्यपदक घेतलं. तुला तर मॅटवर येऊन सहा आठवडे झालेत.

आता करायचं काय? पंधरा दिवस रँककडे बघायचं नाही. एकच पात्र धर. रोज नवं पात्र घेणं म्हणजे रोज नवी शाळा. हरलीस की वहीत एक ओळ लिही, कशाने. त्यातली जी ओळ तीनदा आली ती घेऊन सरावात जा, समोरच्या पुतळ्याला तोच डाव करायला लाव आणि तोड सापडेपर्यंत ऊठबस कर. टेकन ८ मध्ये तुझ्याच हरलेल्या डावाचा रिप्ले मध्येच थांबवून तिथून पुढे स्वतः खेळता येतं. वस्तादाची निम्मी नोकरी यंत्राने केलीय, आणि तू तिथे फिरकतही नाहीस! कॉम्बो नंतर. दहा फटक्यांची माळ तुला येते, पण ती ओवायला पहिला फटका लागावा लागतो.

आणि रात्री एक वाजता अनोळखी लोकांकडून एकटीने मार खाणं बंद कर. लाहोरचा अर्सलान अ‍ॅश २०१९ मध्ये टेकनची जपानमधली इव्हो स्पर्धा जिंकला, मग त्याच साली अमेरिकेतली. जिंकल्यावर म्हणाला की माझ्या तोडीचे घरी अजून आहेत. कोरियाचा नामांकित खेळाडू 'नी' हे पाहायला पाकिस्तानात गेला आणि तिथल्या पोरांकडून हरलासुद्धा. मांडीला मांडी लावून खेळणारी आणि चूक तोंडावर सांगणारी माणसं हेच त्यांचं भांडवल. तुझ्या वर्गात निदान दोघं सापडतील.

रविवारी सकाळी ये. मामी थालीपीठ लावणार आहे. मी किंग घेणार, तोच जग्वारच्या मुखवट्याचा पैलवान, ज्याच्या पकडीमुळे तू कंट्रोलर फेकलास. त्याच्या मोठ्या पकडी सुटतात. डावा हात पुढे आला तर डाव्या ठोशाचं बटण, उजवा आला तर उजव्याचं, दोन्ही आले तर दोन्ही. पहिला तासभर मी फक्त पकडीच करीन. तू चेहऱ्याकडे, मुखवट्याकडे, माझ्याकडे कुठेही बघायचं नाहीस. हाताकडे बघ.

येताना तो कंट्रोलर आण, एक स्टिक अडकत असेल तर बघू.

तुझा,
मामा