सर्वदिशादर्शन

फोनच्या चार्जिंगच्या खाचेत बसणारी, ‘इन्स्टा३६० एअर’सारखी सर्वदिशादर्शी कॅमेऱ्याची जोडणी निवडताना ती खाच मायक्रो-यूएसबी आहे की टाइप-सी, एवढी शहानिशा केली की व्यवहाराचे काम पुष्कळसे उरकते, परंतु पाठीला पाठ लावलेली ती दोन फुगीर भिंगे, जी प्रत्येकी १८० अंशांहून अधिक अवकाश कवेत घेतात आणि ज्यांच्या प्रतिमांच्या कडा एकमेकींवर चढवून पुढे अखंड गोल सांधला जातो, ती एक पुरातन प्रश्न उभा करतात: सर्व दिशा एकदम दिसणे म्हणजे पाहणे होय काय?

गीतेच्या अकराव्या अध्यायात अर्जुनाला त्यासाठी दिव्य चक्षू द्यावे लागले, आणि तरीही तो दिङ्मूढ होऊन परिचित, सौम्य रूपाचीच याचना करू लागला. जैनांचा अनेकांतवाद मला याहून सावध वाटतो. प्रत्येक नय, म्हणजे एकेक दृष्टिकोन, सत्याचा अंशच सांगतो, समग्र ज्ञान सर्वज्ञ केवलीचे. कॅमेऱ्याचेही तसेच: दोन भिंगांमधले किंचित अंतर यंत्राला पुरते मिटवता येत नाही, म्हणून सांध्यावर अगदी जवळ उभ्या असलेल्या माणसाचा कान दुभंगतो, क्वचित नाहीसाही होतो. त्या दुभंगात दृष्टिकोन शिल्लक असल्याची प्रामाणिक कबुली आहे, असे मी मानतो. तथापि खरेदीपूर्वी दुकानातच कोणाचा तरी चेहरा त्या सांध्यावर धरून पाहावा आणि तो ज्या जोडणीत कमीत कमी फाटेल, ती घ्यावी.