न दिसणारी चित्रे

संगणकावरील खेळांविषयी आपल्या कुटुंबांत होणारी चर्चा बहुधा वेळेपाशीच थांबते. मुलगा किती तास बसला, जेवायला किती हाका माराव्या लागल्या, चष्म्याचा नंबर किती वाढला, एवढेच बोलले जाते. परंतु ही मुले आता कमावती झाली आहेत आणि त्यांच्यापुढे उभा राहणारा प्रश्न निराळ्या जातीचा आहे. आमच्या धर्मग्रामातील एका तरुणाने तो माझ्यापुढे मांडला. त्याच्या संगणकात २०१७ साली बाजारात आलेली ‘जीफोर्स जीटीएक्स १०८० टीआय’ ही दोन ग्राफिक्स कार्डे एकमेकांना जोडून बसवलेली आहेत. ती काढून नवे, महागडे कार्ड घ्यावे काय? पैसे त्याच्या स्वतःच्या कमाईचे आहेत. मात्र त्याच पैशांतून धाकट्या भावाच्या कॉलेजच्या फीचा हप्ताही जायचा आहे. ‘हप्ता एक महिना पुढे ढकलता येईल, फादर. तसं केलं तर चुकेल का?’

अशा वेळी, खेळ म्हणजे चैन आणि चैन म्हणजे उधळपट्टी, असे झटपट उत्तर देण्याचा मोह आम्हां धर्मगुरूंना होतो. तो टाळलेला बरा. संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या ‘सुम्मा थिओलॉजिका’ या ग्रंथात खेळाचा विचार सद्गुणांच्या संदर्भात केला आहे. थकलेल्या शरीराला जशी विश्रांती, तशी थकलेल्या मनाला क्रीडा आवश्यक, असे ते मानतात. इतकेच नव्हे, तर स्वतः कधी हसत नाही आणि दुसऱ्यांच्या आनंदावरही विरजण घालतो, अशा मनुष्याला ते दोषी ठरवतात. सेमिनरीत हा भाग शिकताना आमच्या वर्गातील खोडकरांचे चेहरे फार खुलले होते! तेव्हा खेळ योग्य की अयोग्य हा येथे वादाचा मुद्दाच नाही. ही खरेदी खेळासाठी आहे काय, एवढेच पाहायचे आहे.

त्यासाठी हे कार्ड करते काय, ते समजून घेतले पाहिजे. पडद्यावर हलणारे दृश्य म्हणजे एकामागून एक झरझर येणारी स्थिर चित्रे. ती रेखाटण्याचे काम कार्डाचे. या तरुणाचा पडदा एका सेकंदात ६० वेळा ताजा होतो. कार्डाने सेकंदाला १३० चित्रे काढली, तरी त्यांतील निम्म्याहून अधिक डोळ्यांपर्यंत पूर्णपणे पोहोचतच नाहीत. हाताच्या हालचालीला मिळणारा प्रतिसाद किंचित जलद होतो, हे मान्य. परंतु दृश्याला पडद्याची मर्यादा राहतेच. घागर भरल्यावर नळ कितीही मोठा सोडला, तरी पाणी अंगणातच जाणार! बरे, उद्या वेगवान पडदा आणला, तर? सेकंदाला ६० चित्रांवरून १२० वर गेल्यास प्रत्येक चित्रामागे सुमारे ८ मिलिसेकंद वाचतात; १२० वरून २४० वर गेल्यास जेमतेम ४. वेग प्रत्येक वेळी दुप्पट होतो, लाभ मात्र निम्मा होत जातो.

दोन कार्डे जोडण्याची कथा तर अधिकच बोलकी आहे. १९९८ साली ‘व्हूडू २’ कार्डांची जोडी लावता येऊ लागली. २००४ मध्ये एन्व्हिडिया कंपनीने ती कल्पना नव्या रूपात पुढे आणली. बहुधा एक चित्र पहिल्या कार्डाने काढायचे, पुढचे दुसऱ्याने. एका जुवाला दोन बैल जुंपावेत, तसे. पण बैलांची पावले नेहमीच जुळत नसत आणि दृश्य बारीक गचके खात असे. शिवाय दोन्ही कार्डांना एकच माहिती आपापल्या स्मृतीत साठवावी लागे. त्यामुळे ११ गिगाबाइट आणि ११ गिगाबाइट मिळून २२ होत नसत, उपयोगाला अकराच. नव्या खेळांच्या निर्मात्यांनी या जोडीसाठी वेगळे कष्ट घेणे जवळजवळ सोडून दिले आणि २०२१ पासून एन्व्हिडियानेही जुन्या कार्डांसाठी नव्या खेळांची जुळणी करून देणे थांबवले. या तरुणाचे दुसरे कार्ड बहुतेक संध्याकाळी रिकामेच बसलेले असते.

तरीही त्याची बाजू निराधार नाही. २०२४ च्या डिसेंबरात आलेला ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ हा खेळ प्रकाशकिरणांचे गणित करणाऱ्या खास यंत्रणेशिवाय, म्हणजे रे ट्रेसिंगशिवाय, चालत नाही. ती यंत्रणा या जुन्या कार्डांत नाही. ज्याला असा खेळ खेळायचा आहे, त्याची गरज खरी आहे. म्हणून मी त्याला विचारले, ‘तुला हवा असलेला कोणता खेळ आज तुझ्या संगणकावर चालत नाही?’ तो थोडा वेळ गप्प राहिला. मित्रांबरोबर तो खेळतो ‘काउंटर-स्ट्राइक २’. तो तर एकाच कार्डावर साठाच्या कितीतरी पुढे धावतो. मग हवे आहे काय? हवे आहेत वेगमापनाचे आकडे. मित्राच्या आकड्यांहून मोठे.

येथे पुन्हा अक्वायनस आठवतात. भूक, तहान यांसारख्या नैसर्गिक इच्छांना अंत असतो, कारण पोट भरते. माणसाने कल्पनेने निर्माण केलेल्या इच्छांना तसा काठ नसतो, असा भेद त्यांनी केला आहे. खेळाची इच्छा पहिल्या प्रकाराला जवळची आहे असे मला वाटते. दोन तास रंगून खेळले की मनुष्य तृप्त होऊन उठतो. आकड्यांच्या इच्छेला मात्र उठणेच माहीत नाही. २०२५ च्या जानेवारीत आलेले ‘आरटीएक्स ५०९०’ हे एकटे कार्ड ५७५ वॉटपर्यंत वीज घेते. या तरुणाची दोन्ही कार्डे मिळून ५००. म्हणजे नव्या कार्डामागोमाग नवा पॉवर सप्लाय, मग पेटी, मग प्रोसेसर, मग पडदा. फ्रेंच विचारवंत दिदरो यांनी अठराव्या शतकातच अशा साखळीवर एक निबंध लिहिला होता. नवा भारी झगा मिळाला आणि त्याच्या शेजारी जुनी खुर्ची, जुने मेज, सारेच केविलवाणे दिसू लागले. काढलेल्या वस्तू जातात कोठे? २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला. त्यातील पाव हिस्साही रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद नाही.

माझे मत मी त्याला स्पष्टपणे सांगितले. फी ढकलून कार्ड घेऊ नये. भाऊ काही बोलणार नाही, हे खरे. पण म्हणूनच तो निर्णय एकट्याचा राहत नाही. एखादा आवडीचा खेळ सुरूच होईनासा झाला, तर त्या दिवशी मध्यम किमतीच्या कार्डाचा विचार अवश्य करावा, आणि तोही मन न खाता.

तोवर रिकाम्या बसलेल्या कार्डाचे काय, यावर आमचे बोलणे बरेच रंगले. भावाच्या संगणकात ग्राफिक्स कार्ड नाहीच. दादा खेळताना तो मागे उभा राहून पाहतो. जोडी सोडवली, तर एका घरात दोघे एकाच संघातून खेळू शकतील. अडचण एवढीच की, हे कार्ड एकटेच २५० वॉट घेते आणि त्याला सहा व आठ पिनांच्या दोन जोडण्या लागतात. भावाच्या संगणकातील पॉवर सप्लाय ६०० वॉटचा आहे की नाही, ते पेटी उघडून पाहावे लागेल. नसेल तर तेवढा एक विकत आणायचा. येत्या रविवारी मिस्सानंतर दोघे स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसणार आहेत.