न शिकवलेल्या विषयाचा पेपर



प्रश्न साधा आहे. साधा आहे म्हणूनच तो कुणी विचारत नाही. जो विषय तुम्हाला कुणी शिकवलाच नाही, त्याची परीक्षा घ्यायचा अधिकार कुणाला? आणि घेतलीच, नि तुम्ही नापास झालात, तर तो नापासाचा शेरा नेमका कुणाचा?

घाटकोपरच्या रमाबाई नगरात, मुलुंड-अंधेरीच्या वस्त्यांत संध्याकाळचा अभ्यासवर्ग चालवणाऱ्या कार्यकर्त्याला हा प्रश्न चुकत नाही. शाळेत गणिताला मास्तर नाही, असला तरी वर्षातून तीनदा बदलतो. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसणाऱ्या पोराला तर मास्तरही नाही नि वर्गही नाही. दिवसा काम, रात्री पुस्तक. मार्च उजाडला की प्रश्नपत्रिका मात्र सगळ्यांना एकच. क्लासला हजारो रुपये मोजणाऱ्याला तीच, आणि यालाही तीच. हिला ते समान संधी म्हणतात. अरे, समानता काय शेवटच्या तीन तासांत सुरू होते?

आपल्याला हे नवं नाही. एल्फिन्स्टन हायस्कुलात भीमराव आंबेडकर या विद्यार्थ्याला संस्कृत शिकायचं होतं. अस्पृश्याला संस्कृत मिळणार नाही, असं उत्तर आलं. नाइलाजाने फारसी घ्यावी लागली. १९०७ साली ते मॅट्रिक झाले. ७५० पैकी २८२ गुण. 'मेरिट, मेरिट' म्हणून छाती पिटणाऱ्यांनी हा आकडा एकदा नीट वाचावा. हाच मुलगा पुढे कोलंबियाचा आणि लंडनचा डॉक्टर झाला, घटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष झाला. त्या २८२ मध्ये यातलं काय दिसलं होतं?

पण संस्कृतचा पेपर काही टळला नाही. तो शाळेत नाही, भर समाजात द्यावा लागला. १९४६ साली 'हू वेअर द शूद्राज?' हा ग्रंथ आला, जोतिरावांना अर्पण केलेला. संस्कृतवर प्रभुत्व नसलेल्याने या विषयात पडू नये, हा आक्षेप येणार हे बाबासाहेबांना ठाऊक होतं. गंमत बघा. ज्यांनी दार लावून घेतलं, तेच आता विचारणार, तू आत कधी आला होतास? बाबासाहेबांनी प्रस्तावनेतच उत्तर दिलं. संस्कृतवर प्रभुत्वाचा माझा दावा नाही, ही उणीव मला मान्य. पण तेवढ्याने माझा अधिकार जात नाही. हे वाङ्मय बहुतेक सगळं इंग्रजीत आलेलं आहे, आणि मी ते पंधरा वर्षं अभ्यासलं आहे. अशा अर्थाचं ते उत्तर आहे.

या उत्तरात आपल्या प्रश्नाची चावी आहे. बाबासाहेबांनी येत नसलेलं येतं असं सांगितलं नाही. शिकू दिलं नाही म्हणून मला माफ करा, असंही म्हटलं नाही. त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. एखादी गोष्ट येणं ही एक गोष्ट, आणि तिच्याबद्दल प्रश्न विचारायचा हक्क ही दुसरी. पहिली कमी असू शकते, कष्टाने भरून काढता येते. दुसरी कुणाच्या बापाच्या मेहरबानीवर नाही.

मग शिकलो की सगळं सुटतं, असं म्हणावं तर कुमुद पावडे आठवतात. बाईंनी संस्कृतमध्ये एम. ए. केलं. पुढचं त्यांनी 'अंतःस्फोट'मध्ये (१९८१) लिहून ठेवलंय. संस्कृत येऊनही नोकरीची दारं उघडत नव्हती. उघडली ती लग्नानंतर, नवऱ्याचं सवर्ण आडनाव लागल्यावर. माहेरच्या आडनावाला तो मान मिळाला नाही. म्हणजे पेपर लिहिला, पासही झालं, तरी तपासणारा पहिलं नावच तपासतो.

आता अलीकडचं. मार्च २०२० मध्ये कोरोना आला, दहावीचा भूगोलाचा पेपर रद्द झाला. मंडळाने बाकीच्या विषयांच्या सरासरीने गुण दिले. २०२१ मध्ये तर परीक्षाच झाली नाही. नववीचे गुण आणि शाळेतलं मूल्यमापन धरून निकाल लावला, ९९.९५ टक्के. चूक केली असं मी म्हणत नाही. बरोबरच केलं. पण ध्यानात घ्या, संकट सगळ्यांवर आलं तेव्हा न दिलेल्या पेपराचेही गुण देता आले. मग संकट फक्त झोपडपट्टीवर असतं, वर्षानुवर्षं असतं, तेव्हा न शिकवलेल्या विषयाचा साधा हिशेबसुद्धा कुणी का मागत नाही?

राहता राहिली कॉपी. पोरं विचारतात, शिकवलंच नाही तर चिठ्ठी नेली म्हणून काय बिघडलं? त्या पोरांना नीतीचे डोस पाजायची माझी इच्छा नाही. ज्यांची वर्षानुवर्षांची चोरी पचली, त्यांनी तर यावर बोलूच नये. पण हिशेब मांडून बघा. चिठ्ठीने पस्तीस मिळतात. शाळेचा निकाल चांगला लागतो. कागदोपत्री गणित शिकवलं गेलं असं ठरतं. मास्तर नेमायची गरजच उरत नाही, आणि पुढच्या वर्षी तुमची धाकटी बहीण त्याच रिकाम्या वर्गात बसते. चिठ्ठीने आपण आपला नापासाचा शेरा पुसत नाही, त्यांचा पुसतो.

आणि परीक्षाच नको म्हणून उठून गेलो तर? परीक्षक तिथेच बसून राहतो. खुर्ची तेवढी आपली रिकामी होते.

म्हणून पेपराला बसायचं. येईल तेवढं स्वतःचं लिहायचं. पण दुसरा पेपर आपण काढायचा. आपापल्या वस्तीतल्या शाळेत जा. कुठल्या इयत्तेला, कुठल्या विषयाला किती महिने मास्तर नव्हता ते तारीखवार वहीत उतरवा. पालकांच्या सह्या घ्या, अंगठे घ्या. ती वही वॉर्डाच्या शिक्षण अधिकाऱ्यापुढे ठेवा आणि उत्तर मागा. त्याच वेळी संध्याकाळचा वर्ग बंद पडू देऊ नका. शूद्रांवरचा ग्रंथ आला त्याच १९४६ साली बाबासाहेबांनी सिद्धार्थ कॉलेज काढलं, नोकरी करणाऱ्यांना सकाळी शिकता यावं असं. एका हाताने जाब विचारला, दुसऱ्या हाताने वर्ग उघडला. आपल्यातले काहीजण नुसता जाब विचारतात, काहीजण नुसते वर्ग चालवतात. दोन्ही करणारा कार्यकर्ता पाहिजे.

जूनमध्ये शाळा उघडतील. वही त्याच दिवशी सुरू करा.